फोममधले पीफास नष्ट करायचे तर आधी फ्लोरीनचा हिशोब मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अग्निशमन प्रशिक्षणाच्या एका जुन्या मैदानाची जबाबदारी अंगावर आली आहे. गोदामात एएफएफएफ या, इंधनाची आग विझवणाऱ्या फोमची पिंपे पडून आहेत, मैदानाखालच्या भूजलात पीफास (फ्लोरीनयुक्त, सहजी न मोडणारी मानवनिर्मित रसायने) सापडले आहे, माती आणि काँक्रीटमध्येही ते मुरले आहे. यंत्रणा विकणारे ‘९९.९९ टक्के नाश’ असे आकडे घेऊन येत आहेत. यातली कोणती घ्यावी?

माझे सरळ उत्तर: अजून कोणतीच नाही. पिंपातला फोम, भूजल, माती आणि टाक्या-पाइप ही चार वेगवेगळी कामे आहेत, आणि चारही उरकणारे एकच यंत्र कुठेही मिळत नाही. चारही ठिकाणी विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे: आत गेलेला फ्लोरीन बाहेर कोणत्या रूपात आला? याचे उत्तर ज्याच्याकडे मोजमापांसह आहे त्याच्याशीच पुढची बोलणी करावीत.

असे का, ते कळायला या रेणूकडे पाहावे लागते. जुन्या फोममधले पीएफओएस हे पीफास म्हणजे आठ कार्बनची साखळी, तिला चिकटलेले १७ फ्लोरीन आणि एका टोकाला सल्फोनेट गट. कार्बन-फ्लोरीन बंध मोडायला दर मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बनच्या एकेरी बंधांत याच्याइतका बळकट बंध क्वचितच सापडेल. साखळी पाणी आणि तेल दोन्हींपासून दूर पळते, सल्फोनेटचे टोक पाण्यात राहते. त्यामुळेच पेटत्या इंधनावर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि ज्वाळेला वाफ मिळेनाशी होते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात हा फोम तयार झाला. १९६७ मध्ये ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावरील आगीत १३४ जण दगावले, आणि त्यानंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. त्याने माणसे वाचवली, हे मी मनापासून मानतो. पण प्रत्येक सरावानंतर तो जमिनीवर सोडून दिला गेला, आणि आज आपण निस्तरतो आहोत तो त्या सरावांचा साठा आहे.

तुमच्याकडच्या पिंपांवरची वर्षे आणि उत्पादकांची नावे आधी लिहून काढा. ३एम या कंपनीने २००० साली पीएफओएस-आधारित उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या पद्धतीच्या जुन्या फोममध्ये पीएफओएस, पीएफएचएक्सएस आणि त्यांच्या जातकुळीतली सल्फोनेट्स भरपूर असतात. इतर उत्पादकांचा फ्लोरोटेलोमर पद्धतीचा फोम वेगळा. त्यात तयार पीएफओएस नसते, पण पुढे मोडतोड होऊन कार्बोक्झिलिक आम्ले देणारी पूर्वगामी संयुगे असतात. नाशाची पद्धत निवडताना हा फरक कळीचा ठरतो, कारण कार्बोक्झिलेट मोडणे तुलनेने सोपे आणि सल्फोनेट मोडणे फार अवघड. २०२२ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सोडियम हायड्रॉक्साइड आणि डीएमएसओ या द्रावकात, १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, पीएफओए (आठ कार्बनचे कार्बोक्झिलिक आम्ल) आणि त्याच्यासारखी आम्ले मोडून दाखवली. बातमी खूप गाजली आणि ‘आता प्रश्न सुटला’ असे अनेकांना वाटले. संशोधन उत्तमच होते, पण ती रासायनिक वाट कार्बोक्झिलेटांची आहे. जुन्या फोममधल्या सल्फोनेटांना ती लागू पडत नाही.

आता हिशोबाकडे येतो. पीएफओएसचे रेणुभार साधारण ५००. त्यातले १७ फ्लोरीन म्हणजे ३२३. म्हणून एक ग्रॅम पीएफओएस खरोखर पूर्ण मोडले तर सुमारे ०.६५ ग्रॅम फ्लोराइड सुटायला हवे. तुमच्या नमुन्यात पीएफओएस ९९.९९ टक्के कमी झाले, पण फ्लोराइड अपेक्षेच्या निम्मेच दिसले, तर उरलेला निम्मा फ्लोरीन कुठे आहे? तो लहान साखळीच्या संयुगांत असेल, हवेत वायू होऊन गेला असेल, भांड्याच्या भिंतीला, गाळण्यांना, खपलीला चिकटला असेल. यातली शेवटची शक्यता निरुपद्रवी असू शकते. पाण्यात कॅल्शियम असेल तर फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसते, आणि ॲल्युमिनियम असेल तर त्याच्याशी जोडले जाऊन फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला दिसत नाही. म्हणून ताळेबंद शंभर टक्के जुळला नाही एवढ्यावरून मी कोणाला नापास करत नाही. कमी पडलेला फ्लोरीन शोधण्याचा प्रयत्न केला का, आणि तो कुठे सापडला, हे मी विचारतो.

दुसरी फट मोजणीच्या यादीत असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १६३३ क्रमांकाची पद्धत ४० संयुगे मोजते. फोममध्ये त्याहून कितीतरी अधिक असतात. यादीबाहेरचे पूर्वगामी निम्मेअर्धे मोडले की यादीतले आम्ल तयार होते. मग प्रक्रियेनंतर पीएफओए वाढलेले दिसते आणि सगळे गोंधळतात. यासाठी टॉप चाचणी करून घ्यावी. नमुना तीव्र अल्कलीत पर्सल्फेटसह ८५ अंशांवर ठेवतात, पूर्वगामी संयुगांचे रूपांतर मोजता येणाऱ्या आम्लांत होते, आणि आधीच्या-नंतरच्या फरकावरून लपलेला साठा कळतो. शिवाय एकूण सेंद्रिय फ्लोरीनची मोजणी करावी. या दोन चाचण्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही नमुन्यांवर केल्या नसतील तर ‘नाश’ हा शब्द अहवालात लिहू देऊ नये.

जमिनीत रसायन सोडून जागच्या जागी सफाई करण्याचा प्रस्ताव आला तर इथे विशेष सावध राहा. प्रशिक्षणाच्या मैदानांवर इंधनही सांडलेले असते, आणि पूर्वी फक्त इंधनासाठी हवा किंवा ऑक्सिडीकारक सोडून उपचार केले जात. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधील एल्सवर्थ हवाई तळावर जुन्या प्रशिक्षण क्षेत्राचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंधनासाठी केलेल्या उपचारांमुळे जमिनीतल्या पूर्वगामी संयुगांचे रूपांतर पक्क्या, न मोडणाऱ्या आम्लांत झाल्याच्या खुणा त्यात सापडल्या. म्हणजे बेंझीन गेले, पण पीफास पाण्याबरोबर अधिक वाहत जाणाऱ्या रूपात आले. सूक्ष्मजीवांकडूनही तुमच्या मैदानाच्या पातळीवर पीएफओएसचा नाश होईल अशी आशा धरू नका. जीवाणू पूर्वगामी संयुगांची टोके कुरतडतात, फ्लोरीनच्या साखळीपाशी थांबतात.

भूजलाचे गणित ऊर्जेवर येऊन ठेपते. एक घनमीटर पाणी २० अंशांवरून ३५० अंशांपर्यंत द्रवरूपातच न्यायचे तर सुमारे ४४० किलोवॅट-तास उष्णता लागते. उष्णता विनिमयक बसवून त्यातली बरीच परत मिळवता येते हे खरे, पण मैदानाखालून रोज उपसले जाणारे सगळे पाणी असे तापवणे कोणालाच झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्या पाण्यात पीफास लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असते. बाकी सगळे पाणीच. म्हणून आधी गोळा करा, आटवा, आणि मग थोड्याशा घट्ट द्रवावर नाशाची यंत्रणा चालवा.

गोळा करण्याच्या पद्धतींत मला फेस-विलगीकरण सर्वांत जास्त भावते, कारण ते फोमचाच गुण त्याच्याविरुद्ध वापरते. उंच स्तंभात पाणी भरतात आणि खालून बारीक बुडबुडे सोडतात. पीफास बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढते, वर फेसाचा थर जमतो, तो खेचून घेतला की काही वेळात त्याचे थोडेसे घट्ट पाणी होते. तेच पाणी पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभातून घेतले की हजारो लिटरचा ऐवज काही लिटरमध्ये येतो. गाळणी नाही, रेझिन नाही, फेकायला वापरलेले माध्यम नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ओकी लष्करी विमानतळावर हे प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर चालवले गेले आहे. मर्यादा एकच, पण मोठी: चार कार्बनवाले पीएफबीएस, पीएफबीए बुडबुड्याला नीट चिकटत नाहीत आणि खालीच राहतात. धनभारित सर्फॅक्टंट (साबणासारखे फेसकारी द्रव्य) थोडे मिसळल्याने स्थिती सुधारते, तरी शेवटी आयन-विनिमय रेझिनचा, म्हणजे भारित रेणू धरून ठेवणाऱ्या मण्यांचा, टप्पा लागतोच. सक्रिय कोळसा लांब साखळ्या चांगल्या धरतो, पण लहान साखळ्या लवकर सोडून देतो. पाण्यात इंधनाचे अंश असतील तर ते कोळशावरची जागा आधीच अडवून बसतात.

आता नाशाच्या यंत्रणा. घट्ट द्रवासाठी आणि पिंपातल्या फोमसाठी माझी पहिली पसंती उष्ण अल्कलीच्या पद्धतीला आहे. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये टिमोथी स्ट्रॅथमन यांच्या गटाने तिच्यावर पुष्कळ काम केले आहे. द्रवात सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो दाबाखाली ३५० अंशांच्या आसपास ठेवतात. अल्कली रेणूच्या टोकावर हल्ला करते, साखळी उलगडत जाते, आणि सुटणारे हायड्रोजन फ्लोराइड जागेवरच सोडियम फ्लोराइड होते. सल्फोनेटही मोडते, फक्त त्याला अल्कली भरपूर लागते, दर लिटरला एक मोल किंवा अधिक. इथे प्रत्यक्ष कामातली एक गोष्ट सांगतो, जी माहितीपत्रकात लिहिलेली नसते: भूजलातले बायकार्बोनेट आणि फोममधली इतर सेंद्रिय द्रव्ये अल्कली खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात मिळालेला डोस तुमच्या घट्ट द्रवाला पुरत नाही. म्हणून चाचणी तुमच्याच द्रवावर हवी, आणि शेवटी अल्कली किती उरली हे मोजलेले हवे.

दुसरी पद्धत अतिक्रांतिक पाण्यातले ज्वलन. ३७४ अंश आणि २२ मेगापास्कलच्या वर पाणी धड द्रव नसते, धड वायू नसते. त्यात ऑक्सिजन आणि सेंद्रिय द्रव्ये सहज मिसळतात आणि काही सेकंदांत जळतात. फोममध्ये इतर सेंद्रिय द्रव्येही असल्याने तेच इंधन होते आणि यंत्र स्वतःच्या उष्णतेवर चालू शकते. पाणीदार, पातळ ऐवजाला मात्र वरून इंधन घालावे लागते. अडचण मिठाची. या अवस्थेत क्षार विरघळत नाहीत, नळीच्या आत साठून ती बंद करतात. दुसरी अडचण हायड्रोजन फ्लोराइडची, ते महागडी निकेल मिश्रधातूही खाते. विक्रेत्याला विचारा की यंत्र न थांबता किती तास चालले आणि थांबले ते कशामुळे. नाशाच्या टक्केवारीपेक्षा या उत्तरातून अधिक कळते.

विद्युत-ऑक्सिडीकरणात बोरॉन-युक्त हिऱ्याचे इलेक्ट्रोड वापरतात. सामान्य तापमान, सामान्य दाब, लहान यंत्र, म्हणून लोकांना ते आवडते. लांब साखळी मोडते, लहान साखळी रेंगाळते. पण मला खरी काळजी क्लोराइडची वाटते. पाण्यातले क्लोराइड क्लोरेट आणि पुढे परक्लोरेट होते, आणि परक्लोरेट स्वतःच पिण्याच्या पाण्यातले प्रदूषक आहे. रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन आलेला घट्ट द्रव या यंत्रात घालायचा असेल तर परक्लोरेटची मोजणी करारातच लिहून घ्या.

अतिनील किरण आणि सल्फाइटची पद्धत जलयोजित, म्हणजे पाण्यात सुट्या झालेल्या, इलेक्ट्रॉनवर चालते. तिला नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजन मारक ठरतात. संथ आहे, पण काही घट्ट द्रवांसाठी उपयोगाची. क्लार्कसन विद्यापीठात विकसित झालेली प्लाझ्मा पद्धत आर्गॉनच्या बुडबुड्यांनी पीफास पृष्ठभागावर आणून तिथे मोडते. लांब साखळ्यांसाठी चांगली, लहान साखळ्या तिथेही पृष्ठभागावर येत नाहीत. अल्ट्रासाउंड मी सध्या बाजूला ठेवेन.

जाळण्याबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात आणि मी सर्वांत सावकाश उत्तर देतो. पुरेसे तापमान, पुरेसा वेळ आणि चांगले मिश्रण असेल तर पीफास जळते. पण ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे पीएफओएसवरून ठरवून चालत नाही. अर्धवट मोडीतून कार्बन टेट्राफ्लोराइड तयार झाला तर तो मोडायला १४०० अंशांच्या घरात जावे लागते, आणि सुटला तर हवेत सुमारे ५०,००० वर्षे राहतो, तोही हरितगृह वायू म्हणून. सामान्य धुराडे-चाचणी हे वायू शोधतच नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये फोम जाळण्यावर तात्पुरती बंदी घातली ती अशाच शंकांमुळे. सिमेंटची भट्टी तुलनेने बरी. तिच्यात चुना असतो, तो फ्लोराइड पकडतो, आणि ज्वाला फार तप्त असते. तरीही धुराड्यातल्या लहान फ्लोरीनयुक्त वायूंची मोजणी दाखवल्याशिवाय मी पिंपे पाठवणार नाही.

माती हा सर्वांत चिवट भाग आहे. पृष्ठभागाजवळच्या, पाण्याने पूर्ण न भरलेल्या थरात पीफास मातीच्या कणांइतकेच पाणी आणि हवेच्या सीमेवर अडकून राहते, आणि प्रत्येक पावसात थोडे थोडे खाली उतरते. म्हणून भूजल कितीही उपसले तरी वरचा साठा तसाच असेल तर उपसा दशकानुदशके चालू राहतो. माती खणून ३५० ते ४०० अंशांवर तापवली तर पीफास वाफ होऊन निघते. पण ते फक्त निघते, मोडत नाही. त्या वाफेचे काय करणार हा वेगळा आणि महत्त्वाचा खर्च आहे. अल्कलीसह गोळ्यांच्या चक्कीत माती दळून मोडण्याची पद्धत मला आशादायक वाटते. कोरड्या मातीत ती चांगली चालते, ओल्या चिकणमातीत आधी वाळवण्याचाच खर्च वाढतो. वाळू-खडीची माती असेल तर धुऊन घ्या. बारीक गाळात पीफास एकवटते, आणि मग फक्त त्या गाळावर उपचार करावे लागतात.

मातीत कोळसा-चिकणमातीचे शोषक मिसळून पीफास जागेवर बांधून ठेवण्याची पद्धतही आहे. तिला मी कमी लेखत नाही. मैदान मोठे, पैसा मर्यादित आणि खालच्या बाजूला विहिरी असतील तर गळती आज थांबवणे हेच पहिले काम आहे. फक्त अहवालात ‘बंदिस्त केले’ असे लिहा, ‘नष्ट केले’ असे लिहू नका, आणि पुढची निगराणी कोण करणार हे त्याच कागदावर नमूद करा. काँक्रीटलाही विसरू नका. सरावाच्या चौथऱ्यात मुरलेले पीफास पावसाच्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षे बाहेर येत राहते. चौथरा फोडून भराव म्हणून दुसरीकडे टाकला तर तुम्ही दुसरे मैदान तयार केलेत.

टक्केवारीबद्दल आणखी एक. घट्ट द्रवात लिटरमागे १० मिलिग्रॅम पीएफओएस आहे आणि यंत्राने ९९.९९ टक्के मोडले, तर उरते लिटरमागे १,००० नॅनोग्रॅम. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा ४ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे तिच्या २५० पट. यात यंत्राचा दोष नाही. नाशानंतरचे पाणी थेट नाल्यात न सोडता गोळा करण्याच्या टप्प्याच्या तोंडाशी परत आणायचे, एवढाच याचा अर्थ. आराखडा तसाच करा. ज्या आराखड्यात नाशाच्या यंत्रातून सरळ बाहेर जाणारा पाइप दिसेल तो परत पाठवा.

क्रम विचाराल तर पिंपे पहिली. समजा एका लिटर जुन्या फोममध्ये १० ग्रॅम पीएफओएस आहे. ते ४ नॅनोग्रॅमच्या पातळीवर आणायला २५० कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल. एक पिंप गंजून फुटले तर भूजलावर केलेला सगळा खर्च वाया. म्हणून या आठवड्यात पिंपांची नोंद करा, गळकी पिंपे दुसऱ्या आवरणात ठेवा, खाली गळती धरणारे हौद बांधा. नाशाची यंत्रणा ठरेपर्यंत ती छपराखाली, कुलपात असू द्या. घाईने कुठेतरी पाठवण्यापेक्षा ते बरे.

त्यानंतर गाड्या, टाक्या, पाइप. फ्लोरीनविरहित फोमकडे जाताना बरेच जण जुनी टाकी पाण्याने तीनदा धुतात आणि नवा फोम भरतात. फ्लोरीनयुक्त सर्फॅक्टंट धातूच्या भिंतीवर थर करून बसतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत, आणि पुढच्या महिन्यांत नव्या फोममध्ये हळूहळू उतरतात. कोमट पाणी आणि सेंद्रिय द्रावक किंवा त्यासाठी बनवलेले धुण्याचे द्रव वापरा. धुऊन झाल्यावर लगेच नमुना घेऊन समाधान मानू नका. टाकी भरून काही आठवडे तशीच ठेवा आणि मग घ्या. धुतलेले पाणी पिंपांसोबत नाशाकडे जाईल.

भूजलासाठी निविदा काढण्याआधी तुमच्याच विहिरीतले पाणी चाचणीला द्या. निविदेत लिहा: प्रक्रियेआधी आणि नंतर ४० संयुगांची यादी, टॉप चाचणी, एकूण सेंद्रिय फ्लोरीन, मुक्त फ्लोराइड, क्लोराइड असेल तर परक्लोरेट, आणि बाहेर जाणाऱ्या वायूची तपासणी. नमुने विक्रेत्याने नव्हे, तुमच्या माणसाने घ्यावेत आणि स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवावेत. नमुना घेताना टेफ्लॉनच्या नळ्या, झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर, जलरोधक जॅकेट टाळा, आणि दर खेपेला एक कोरा (पीफास नसलेल्या पाण्याचा) नमुना सोबत ठेवा. नॅनोग्रॅमच्या पातळीवर एवढ्यानेही आकडा बिघडतो. एखादा विक्रेता यादीतल्या एखाद्या चाचणीला नकार देईल. त्याला कारण लेखी मागा. कारण तांत्रिक असेल तर दुसरी मोजणी सुचवायला सांगा, आणि तीही सुचवता आली नाही तर पुढच्या विक्रेत्याकडे वळा.